कॅरिबियन क्रूझ, फक्त दोघांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नातेवाइकांनी, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी आणि अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी फोनवर पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरं फ्लोरिडातून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवरच्या सात रात्रींच्या सहलीला धरून दिली आहेत, आणि ती दोघांनीच जाणाऱ्यांसाठी आहेत. मुलंबाळं, आजी-आजोबा असा सगळा लवाजमा घेऊन जाणार असाल तर हिशोब बराच बदलतो.

मोठं जहाज म्हणजे नेमकं केवढं?

रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ घ्या. फिनलंडमधल्या तुर्कू इथे बांधलेलं हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले २०. प्रत्येक खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००, आणि वर कर्मचारी २,३५०. म्हणजे एखादं मध्यम तालुक्याचं गावच पाण्यावर निघालंय.

जहाजाचा आकार ‘ग्रॉस टनेज’मध्ये सांगतात. ते वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. आयकॉनचं ते २,४८,६६३ आहे. टायटॅनिकचं सुमारे ४६,३०० होतं. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर तुम्ही गेला असाल तर तेही साधारण टायटॅनिकएवढंच आहे, आणि गंमत म्हणजे ते जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच होतं. तेव्हा ‘आम्ही गोव्याला क्रूझने जाऊन आलोय, माहितीये आम्हाला’ असं म्हणणाऱ्यांनीही इथे पहिल्या दिवशी तोंडात बोट घालायची तयारी ठेवावी.

एवढ्या गर्दीत दोघांना निवांतपणा कसा मिळणार?

मिळतो, पण तो आपण काढून घ्यावा लागतो. मोठ्या जहाजावर गर्दी सगळीकडे सारखी नसते. दुपारी एक वाजता बुफेत ताट घेऊन जागा शोधत फिरावं लागेल, आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या मुख्य भोजनगृहात खिडकीशेजारचं टेबल रिकामं असेल (ते ज्या दिवशी दुपारी उघडं असतं, त्या दिवशी). घसरगुंड्यांच्या मजल्यावर कल्ला असतो, पण जहाजाच्या अगदी मधोमध उघड्या आकाशाखाली खरी झाडं लावलेली बाग आहे. तिला ‘सेंट्रल पार्क’ म्हणतात. तिथे सकाळी कॉफी घेऊन बसलात तर पाखरांच्या ध्वनिमुद्रित आवाजाशिवाय कोणी बोलत नाही. बहुतेक मोठ्या जहाजांवर एखादा पोहण्याचा तलाव किंवा मजल्याचा कोपरा फक्त मोठ्यांसाठी राखलेला असतो. तो पहिल्याच दिवशी हुडकून ठेवा.

आता जरा मनातलं. आपल्याकडे सहल म्हणजे ‘पॉइंट करणं’. महाबळेश्वरला गेलो की सगळे पॉइंट झाले पाहिजेत, नाहीतर पैसे वाया. ही सवय घेऊन एवढ्या मोठ्या जहाजावर चढलात तर आठवडाभर नुसती धावपळ होईल, कारण इथले पॉइंट कधी संपतच नाहीत. बर्फावरचं स्केटिंग आहे, पाण्यातल्या कसरती आहेत, गाण्याचे कार्यक्रम आहेत, रात्री दोन वाजता पिझ्झा आहे. दिवसाला एक गोष्ट ठरवा, बाकीच्या जमल्या तर जमल्या.

मोठ्या जहाजाचा दोघांना खरा फायदा वेगळाच आहे. नवरा-बायकोच्या आवडी बहुधा जुळत नाहीत. एकाला पहाटे उठून डेकवर चकरा मारायच्या असतात, दुसऱ्याला नऊपर्यंत लोळायचं असतं. एकाला नाचगाणं, दुसऱ्याला पुस्तक. हॉटेलच्या सहलीत यातल्या एकाला मन मारावं लागतं आणि त्यावरून संध्याकाळी धुसफूस होते. जहाजावर दोघांनी आपापलं करावं आणि जेवायला भेटावं. कोणी हरवत नाही, टॅक्सी करावी लागत नाही, आणि सांगायला दोघांकडेही काहीतरी असतं.

मुलांचा गोंगाट अजिबातच नको असेल तर?

व्हर्जिन व्हॉयेजेसची जहाजं फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी असतात, आणि मायामीहूनही सुटतात. ती आकाराने मधली आहेत. नाहीतर तारखा नीट निवडा. नाताळचा आठवडा, मार्चमधली ‘स्प्रिंग ब्रेक’ (तिकडच्या शाळा-कॉलेजांची सुट्टी) आणि जून-जुलै टाळलंत की निम्मा गोंगाट कमी.

कुठला मार्ग घ्यावा? पूर्व, पश्चिम की दक्षिण?

पूर्वेकडच्या मार्गावर साधारणपणे सेंट थॉमस, सेंट मार्टेन, कधी पोर्तो रिकोतलं सान हुआन. पश्चिमेकडे मेक्सिकोतलं कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, कधी जमैका किंवा ग्रँड केमन. दुकानं, समुद्रकिनारे आणि डोंगराळ बेटांची दृश्यं हवी असतील तर पूर्व. पाण्याखालची प्रवाळं आणि माया संस्कृतीचे अवशेष पाहायचे असतील तर पश्चिम. रोआतान आणि कोझुमेल ज्या प्रवाळरांगेवर आहेत ती ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतरची जगातली सगळ्यात मोठी मानतात. पोहता येत नसेल तरी जॅकेट घालून तरंगत, नळीतून श्वास घेत खाली पाहता येतं. आमचं मत पश्चिमेला.

सेंट मार्टेनची गंमत अशी की एवढंसं बेट, पण एक भाग फ्रान्सकडे आणि दुसरा डच. डच बाजूच्या माहो बीचवर विमानं डोक्यावरून इतक्या खालून उतरतात की टोप्या धरून बसावं लागतं. गर्दी प्रचंड, पण एकदा पाहण्यासारखं.

दक्षिणेकडच्या सहली, म्हणजे बार्बाडोस, सेंट लुशिया, अरुबा, कुरासाओ वगैरे, बऱ्याचदा सान हुआनहून सुटतात आणि तिथली जहाजं तुलनेने लहान असतात. घरात क्रिकेटवेडं माणूस असेल तर मात्र बार्बाडोसवाला मार्ग शोधा. ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक जिंकला, आणि ते मैदान बंदरापासून जवळच आहे. वाडेकरांनी १९७१ ची मालिका ज्या पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयावर जिंकली आणि त्या मालिकेत ७७४ धावांचा डोंगर रचणाऱ्या गावसकरांनी जिथे पदार्पण केलं, ते त्रिनिदाद या मोठ्या जहाजांच्या वाटेवर सहसा येत नाही. जुन्या पिढीतल्या सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते नकाशा काढून बसतील.

जहाज बहामाला उगाच का थांबतं? आम्हाला तिथे काही पाहायचं नाही.

कायद्यामुळे. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन परदेशी बंदराला न लागता पुन्हा अमेरिकेतच सोडता येत नाही. ही सगळी मोठी जहाजं नोंदलेली असतात बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत, त्यामुळे कुठलं तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बहामाची राजधानी नसाऊ जवळ आणि सोयीची. नसाऊच्या दिवशी तुम्ही जहाजावरच थांबलात तर काहीही बिघडत नाही. उलट सगळे उतरून गेल्यावर तलाव रिकामे मिळतात.

कधी जावं? वादळांची भीती किती?

अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर. सप्टेंबरमध्ये तिकिटं स्वस्त दिसतात ती म्हणूनच. घाबरण्याचं कारण फारसं नाही, कारण जहाज वादळात शिरत नाही, वळसा घालून दुसरीकडे जातं. पण मग तुम्ही सेंट मार्टेन म्हणून निघालात आणि पोचलात कोझुमेलला, असं होऊ शकतं. करारात कंपनीला तो हक्क असतो. बंदर चुकलं तर त्या बंदराचे कर परत मिळतात, बाकी काही नाही.

दोघांसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे नव्या वर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी, किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा. हवा छान, शाळा चालू, दर आटोक्यात.

भारतातून जायचं तर व्हिसा कोणकोणते लागतात?

पहिला आणि मुख्य म्हणजे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, आणि तो अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. जहाज अमेरिकेतून बाहेर पडतं आणि परत येतं, म्हणजे तुमचा अमेरिकेत दोनदा प्रवेश होतो. मुलाखतीची तारीख मिळायला भारतात किती वेळ लागतो हे सांगायला नको, त्यामुळे आधी व्हिसा, मग बुकिंग. उलटं केलंत तर पैसे अडकतील.

वैध अमेरिकन व्हिसा असेल तर क्रूझने येणाऱ्यांना बहुतेक बेटांवर वेगळा व्हिसा लागत नाही. मेक्सिकोही अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांकडून आपला व्हिसा मागत नाही. तरीही तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक बंदराबद्दल कंपनीकडून लेखी विचारून घ्या. एका बंदराचा कागद कमी असला तरी जहाजावर चढूच देत नाहीत. ‘त्या दिवशी आम्ही उतरणार नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने हवी.

आम्ही अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, पण मुदतवाढीचा कागद आहे. चालेल?

इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून सविस्तर सांगतो. मुदतवाढीचा कागद म्हणजे अमेरिकेत राहायची परवानगी. बाहेर जाऊन परत यायला व्हिसा लागतो. व्हिसा संपला असला तरी ३० दिवसांच्या आतल्या छोट्या सहलीला एक सवलत आहे, पण ती एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत विद्यार्थ्यांच्या एफ आणि देवाणघेवाणीच्या जे व्हिसाधारकांना आहे, कामगार व्हिसाला नाही. तुमचं जहाज कोझुमेलबरोबर बहामाला लागलं की तुमचा हिशोब चुकला. बंदरावरच्या खिडकीत हे तपासतात आणि बॅगा परत देतात. ऑफिसच्या वकिलाला एक ईमेल टाका, त्याला त्याचेच पैसे मिळतात.

ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाबरोबर भारतीय पासपोर्टही न्यावा. अमेरिकन नागरिकांना जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्रावर जाता येतं, पण मध्येच एखाद्या बेटावरून विमानाने परतायची वेळ आली तर पासपोर्टच लागतो.

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी विमानाने पोचलो तर?

नका. आदल्या दिवशी पोचा, मुंबईहून येत असाल तर दोन दिवस आधी. मुंबई-मायामी थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागतं आणि तिथेच बॅगा चुकतात. जहाज कोणासाठी थांबत नाही.

खोली कुठली घ्यावी? बाल्कनीला एवढे पैसे मोजावेत का?

चार प्रकार: आतली (खिडकी नाही), खिडकीवाली, बाल्कनीवाली, आणि ‘सूट’ (सगळ्यात प्रशस्त). मोठ्या जहाजांवर पाचवा प्रकार म्हणजे आतल्या बागेकडे किंवा बाजारपेठेकडे तोंड असलेली बाल्कनी. ती स्वस्त असते, पण समोर समुद्र नसतो, समोरच्यांची बाल्कनी असते. पडदा ओढूनच बसावं लागतं, मग उपयोग काय?

दोघंच असाल तर समुद्राकडची बाल्कनी घ्याच. खर्च इतर ठिकाणी कापा, इथे हात आखडता घेऊ नका. सकाळी बंदराला लागताना किनारा हळूहळू जवळ येतो, दोरखंड टाकणारी माणसं खाली मुंग्यांएवढी दिसतात, कोणीतरी धक्क्यावर आधीच गाडी लावून बसलेलं असतं. हे अंथरुणातून चार पावलांवर पाहायला मिळणं वेगळं. बाल्कनीचं दार मात्र उघडं टाकून बसू नका. खोलीतला एसी बंद पडतो आणि दमट हवेने आरसे धुरकट होतात.

जागा निवडताना वरखाली काय आहे ते जहाजाच्या नकाशात पाहा. डोक्यावर तलावाचा मजला असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज, पायाखाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असलेला मजला सगळ्यात शांत. आतल्या खोलीत अंधार इतका मिट्ट असतो की वेळ कळत नाही. गाढ झोपणाऱ्यांना ते आवडतंही.

तिकिटात काय काय येतं? शेवटी बिल किती होतं?

खोली, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, साधं पाणी, चहा, कॉफी, लिंबू सरबत, जवळजवळ सगळे कार्यक्रम, तलाव आणि घसरगुंड्या तिकिटात येतात. येत नाहीत ते असं: दारू, डबाबंद थंड पेयं, खास रेस्तराँ, इंटरनेट, मसाज, बेटांवरच्या सहली, फोटो, जुगार.

आणि टिप. ही आपल्या लोकांना सगळ्यात जास्त खुपते. कंपनी दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप लावते. दोघांची सात रात्रींची मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास होते. काही जण मदतकक्षावर जाऊन ती काढायला लावतात. असं करू नका. तुमची खोली रोज आवरणारी, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवणारी व्यक्ती महिनोन् महिने घरापासून लांब असते आणि तिच्या कमाईचा बराच भाग याच पैशांतून येतो. बुकिंग करतानाच टिप भरून टाकली की जहाजावर ते दुखणं राहत नाही.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवा, सही करा, बिल शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डावर. हात सैल सुटतो तो इथेच. कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा खर्च दिसतो, रात्री झोपताना एकदा बघत जा. भारतातल्या एजंटकडून संपूर्ण सहल घेतलीत तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर, तोही कापला जातो. तो पुढे आयकर रिटर्नमध्ये वळता करता येतो, पावती जपून ठेवा.

दारूचं पॅकेज घ्यावं का?

एकच पीत असेल तर बहुधा नाही, कारण बहुतेक कंपन्यांत एका खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. शिवाय किमतीवर १८ टक्के किंवा त्याहून अधिक सेवाशुल्क लागतं. रोज पाच-सहा पेग होत असतील तरच परवडतं, आणि रोज पाच-सहा होत असतील तर विचार पॅकेजचा नको, तब्येतीचा करावा. बहुतेक कंपन्या पहिल्या दिवशी माणशी वाइनची एक बाटली हातातल्या बॅगेतून आणू देतात. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर पिण्याचं किमान वय २१ आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी तर राहणार नाही?

मुळीच नाही. मुख्य भोजनगृहात रोज रात्री किमान एक भारतीय शाकाहारी पदार्थ सहज मिळतो, आणि बुफेतही भात, डाळ, एखादी रस्सा भाजी असते. खरी युक्ती अशी: पहिल्या रात्री तुमच्या टेबलाच्या हेडवेटरला बोलावून सांगा की आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नको, आणि रोज डाळ-भाजी-पोळी मिळेल का. भारतीय आचारी असतोच. दुसऱ्या रात्रीपासून पत्रकात नसलेलं ताट येतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि पहिल्या दिवशी आठवण करून द्या.

चव मात्र पंजाबी वळणाची, पिठलं-भाकरीची आशा करू नका. लिंबाच्या लोणच्याचं बंद पाकीट नेलंत तर आठवड्याच्या मध्यावर त्याला सोन्याचा भाव येईल. चहाच्या बाबतीत, तिथला चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी. चहा मसाल्याची पुडी न्या. बुफेत गरम पाणी आणि दूध चोवीस तास नसलं तरी बराच वेळ मिळतं.

दोघांनाच बसायचं असेल तर ‘दोघांचं टेबल’ आधीच मागून घ्या, नाहीतर आठ जणांच्या गोल टेबलावर बसवतात. कधीकधी तेही छान असतं. टेक्सासचे निवृत्त शिक्षक आपल्या लग्नाची गोष्ट आवडीने ऐकतात.

सामानात काय नेऊ नये?

इस्त्री, किटली, कुकर, विजेची इंडक्शन शेगडी, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. आग हा जहाजावरचा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळे हे सगळं बॅगेच्या तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. पूजेचं निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती पेटवता येत नाही. लग्नाचा वाढदिवस असेल तर बॅटरीवरची पणती न्या.

ताजी फळं, बिया, मांस कुठल्याही बेटावर उतरवू नका. बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून उतरलात आणि कुत्र्याने हुंगलं तर दंड होतो. पाकीटबंद चिवडा, थेपले खोलीत खायला चालतात.

नक्की न्यावं: खोलीच्या दाराला लावायला चुंबकाचा एखादा हूक किंवा चित्र. दारं लोखंडी असतात आणि शेकडो मीटर लांब बोळात सगळी अगदी सारखी. पहिल्या रात्री सगळे दुसऱ्याच्या दारापुढे उभे राहून आपलं कार्ड लावून पाहत असतात.

जहाज लागलं तर?

एवढ्या मोठ्या जहाजाला पाण्याखाली पंख असतात. ते डोलणं बरंच थोपवतात. तरी वारा असला तर चालताना पाऊल जरा तिरपं पडतं. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, पुढच्या टोकाची नको. अव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. ती उलटी सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी, आणि तिने झोप येते. आल्याची वडी, लिंबू, सफरचंद, उघडी हवा, क्षितिजाकडे नजर. फोन खाली ठेवा.

आजारी पडलो तर काय? विमा लागतो का?

लागतोच. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी अमेरिकन धाटणीची, आणि ती लगेच तुमच्या कार्डावर चढते. भारतातली आरोग्य पॉलिसी तिथे सहसा उपयोगी पडत नाही. प्रवास विमा घेताना ‘वैद्यकीय स्थलांतर’ यात आहे का तेवढं बघा. समुद्रातून हेलिकॉप्टरने किंवा बेटावरून विमानाने हलवायची वेळ आली तर तो खर्च माणसाला आडवा करतो.

पोटाचा नोरोव्हायरस क्रूझवर पसरतो हे खरं आहे. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था जहाजांची न सांगता तपासणी करते, १०० पैकी गुण देते, ८५ किंवा त्याखाली आले तर जहाज नापास. निकाल कोणालाही पाहता येतात. तुम्ही काय करायचं, तर जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. दारात हातावर फवारतात त्या जंतुनाशकाचा या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही.

पहिल्या दिवशी काय काय होतं?

ठरलेल्या वेळेला बंदरावर जा, मोठ्या बॅगा हमालाला द्या (खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत). मग सुरक्षेचा सराव. फोनवर छोटी चित्रफीत पाहायची आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. धोक्याची खूण म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ च्या कोस्टा कोनकॉर्डिया दुर्घटनेनंतर हा सराव जहाज सुटण्याआधीच घेतात. दहा मिनिटांचं काम आहे, पहिल्या तासात उरकून टाका. नाव राहिलं तर लाउडस्पीकरवरून पुकारा होतो.

बेटांवर कंपनीची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

बंदराजवळचंच काही पाहायचं असेल तर आपलं आपण. लांब जायचं असेल, म्हणजे कोस्टा मायाहून चाक्चोबेनचे माया अवशेष किंवा कोझुमेलहून बोटीने पलीकडे जाऊन तुलूम, तर कंपनीची सहल घ्या, महाग असली तरी. त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय तेच करतात. तुमची टॅक्सी उशिरा आली तर कोणी थांबत नाही. संध्याकाळी वरच्या डेकवर लोक कठड्याला टेकून, धक्क्यावरून पिशव्या सांभाळत पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवत असतात. त्यातलं एक जोडपं तुम्ही नसावं.

वेळेचा घोळ नीट समजून घ्या. जहाज बऱ्याचदा मायामीची वेळ पाळतं. मेक्सिकोचा तो किनारा वर्षभर एकच वेळ ठेवतो, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तुमच्या फोनवर चार वाजलेले असतात आणि जहाजावर पाच. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा, तेच पाहा.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही, छोट्या बोटींनी उतरावं लागतं. समुद्र खवळला तर तो थांबा रद्द होतो.

खासगी बेट म्हणजे काय? तिथे वेगळे पैसे लागतात?

बहुतेक कंपन्यांनी बहामात आपापलं बेट किंवा किनारा घेतला आहे. रॉयल कॅरिबियनचं कोकोके, एमएससीचं ओशन के, कार्निव्हलचं २०२५ मध्ये सुरू झालेलं सेलिब्रेशन की. किनारा, खुर्च्या आणि बहुतेक जेवण फुकट. कोकोकेवरच्या पाण्याच्या उंच घसरगुंड्या आणि ‘हायडअवे बीच’ हा फक्त मोठ्यांचा किनारा, यांना मात्र वेगळे पैसे. पैसे न देता शांतता हवी असेल तर सकाळी उतरणाऱ्यांत पहिले व्हा आणि धक्क्यापासून जितकं लांब चालवेल तितकं चाला. दहा मिनिटं पुढे गेलात की खुर्च्याच खुर्च्या.

इंटरनेट आणि फोन?

अनेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर आता स्टारलिंक आहे, व्हिडिओ कॉलही होतो. पॅकेज आधी घेतलं तर स्वस्त. दोघांत एकच घेऊन आळीपाळीने वापरा. जहाजावर पाय ठेवताच फोन विमान मोडवर टाका, कारण समुद्रातलं मोबाइल नेटवर्क जोडलं गेलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं.

कपडे?

दिवसा काहीही. रात्री भोजनगृहात पुरुषांना पूर्ण विजार. एक-दोन रात्री ‘फॉर्मल’. तेव्हा सुटाबुटाची सक्ती नसते. बायकांनी खुशाल साडी नेसावी. पैठणी नेसून जिन्यावर उभं राहिलात तर फोटोग्राफर आपणहून धावत येतो, आणि अनोळखी लोक थांबून कौतुक करतात. एखादी शाल न्या, एसी कडक असतो.

जहाजावर आपलं माणूस भेटतं का?

जवळजवळ हमखास. गोव्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर जातात. तिकडे त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. भोजनगृहात, बारमध्ये, स्वयंपाकघरात म्हापशाचा, मडगावचा, कधी रत्नागिरीचा, कधी वसईचा कोणीतरी असतोच. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देशाचं नाव लिहिलेलं असतं. ‘कसो आसा?’ एवढं म्हटलंत की चेहरा खुलतो. पण पाठीमागे रांग असताना गप्पांत गुंतवू नका, त्यांच्या कामाचे तास लांबलचक असतात. सेवा आवडली तर ॲपमध्ये किंवा शेवटच्या दिवशीच्या प्रश्नावलीत नाव आणि विभाग लिहून कौतुक करा. त्या नोंदीची वरिष्ठ दखल घेतात.

परतीच्या दिवशी किती वाजता बाहेर पडतो?

जहाज पहाटेच धक्क्याला लागतं. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून बोळात ठेवायच्या, सकाळी त्या खाली गोदामात मिळतात. औषधं आणि उद्या घालायचे कपडे त्यांत जाऊ देऊ नका. आपल्या बॅगा आपण ओढू शकत असाल तर ‘सेल्फ असिस्ट’ घ्या, सातच्या सुमाराला सगळ्यांच्या आधी बाहेर. खोली साधारण आठच्या आसपास सोडावी लागते. इमिग्रेशनला आता बऱ्याच बंदरांवर चेहऱ्याचा फोटो घेऊन काम होतं, तरी पासपोर्ट हातात असू द्या. मायामीहून दुपारी बाराच्या आधीचं विमान घेऊ नका, फोर्ट लॉडरडेलहूनही नाही. पोर्ट कॅनाव्हेरलला उतरलात तर ऑरलँडोचा विमानतळ तासभर लांब आहे, तिथे एक वाजल्यानंतरचंच घ्या.